नाव टिकले तर माल टिकतो : विलायती चीजचा धडा

उत्रोली असो की भोर तालुक्यातील दुसरे कोणतेही गाव, डेअरीला घातलेल्या दुधाची फॅट पाहिली जाते, भाव लागतो आणि ते दहा गावांच्या दुधात मिसळते. पुढे गावाचे नाव उरत नाही. शहराला रोज दूध पुरवायचे तर ही पद्धत लागतेच. पण ज्या मालाला नाव नाही त्याचा भाव दुसराच ठरवतो, हे आपले व्यापारी बांधव चांगले जाणतात. या बाबतीत ब्रिटन व आयर्लंडच्या चीज बनवणाऱ्यांचा अनुभव समजून घेण्यासारखा आहे.

एक दूध, अनेक हात

चीजची मूळ कृती साधी आहे. दूध विरजून त्यात रेनेट घालतात, दूध थिजते, निवळी काढून गोळा दाबतात व मुरवतात. एक किलो घट्ट चीजला गाईचे सुमारे दहा लिटर दूध लागते. फरक पडतो तो हाताने. सॉमरसेट परगण्यातील चेडरसाठी थिजलेल्या दुधाच्या लाद्या एकमेकींवर रचून पुन:पुन्हा उलटतात. लँकेशायरमध्ये दोन-तीन दिवसांचा गोळा एकत्र करतात. स्टिल्टनला सुयांनी भोके पाडतात, म्हणजे आत हवा जाऊन निळी बुरशी धरते.

नाव पुसले गेले

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने शिधावाटपासाठी जवळजवळ सर्व दूध एकाच ठरावीक, टिकाऊ चीजकडे वळवले. शिधापद्धत १९५४ साली संपली, पण तोवर शेतघरात चीज करणारी बहुतेक घराणी धंद्यातून उठली होती. कला एका पिढीत शिकवली गेली नाही की पुढच्या पिढीला ती मिळत नाही.

यॉर्कशायरच्या हॉज गावचा प्रसंग तर अलीकडचा. तेथे वेन्सलीडेल चीज होते. १९३५ साली कारखाना बुडायला आला तेव्हा किट कॅल्व्हर्ट यांनी स्थानिक शेतकऱ्यांना सोबत घेऊन तो वाचवला. मे १९९२ मध्ये डेअरी क्रेस्ट कंपनीने तो बंद करून काम लँकेशायरला हलवले. ५९ जणांची रोजी गेली. मात्र तेथल्याच व्यवस्थापकांनी एका स्थानिक व्यावसायिकाच्या मदतीने कारखाना विकत घेतला आणि वर्ष संपण्यापूर्वी जुन्या कारागिरांच्या हातून काम पुन्हा सुरू केले. २०१३ साली ‘यॉर्कशायर वेन्सलीडेल’ या नावाला कायद्याचे संरक्षणही मिळाले.

दुकानदाराचे काम

लंडनमध्ये १९७९ साली नील्स यार्ड डेअरी हे दुकान निघाले. त्याचे चालक रँडॉल्फ हॉजसन स्वतः शेतांवर जाऊन माल चाखून निवडू लागले. दुकानात चीजसोबत करणाऱ्याचे नाव लावले आणि गिऱ्हाईकाला आधी चव दिली. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात व्हेरॉनिका स्टील यांनी गाईचे उरलेले दूध वाया जाऊ नये म्हणून घरीच चीज करून पाहिले. त्यातून ‘मिलीन्स’ हे चीज निघाले. त्यांनी ही विद्या इतरांनाही शिकवली आणि आयर्लंडमध्ये या धंद्याला नवी सुरुवात झाली.

माल घेताना

विलायती चीज विकू इच्छिणाऱ्यांनी लेबल नीट वाचावे. पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातून काढतात. ते कोणत्या जनावराचे व कसे कापलेले, हा प्रश्न येतो. त्याबाबत आलिमांकडून खात्री करून घ्यावी. सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटमध्ये ही अडचण नसते. आपल्याकडील पाकिटावरचा हिरवा ठिपका प्राणिज रेनेट नसल्याची खूण आहे. मात्र ‘स्टिंकिंग बिशप’सारखे चीज नाशपातीच्या दारूने धुतात, तेव्हा रेनेटपाशीच थांबू नये.

आपल्यासाठी काय?

पुणे जिल्ह्यात मंचरला चीजचा मोठा कारखाना आहे. त्याच्याशी भावात बरोबरी करण्याचा विचार लहान माणसाने करू नये. त्याचे भांडवल वेगळे आहे. मुंबईच्या पारशी घरांतले टोपलीतले पनीर पाहा. लहान टोपलीत, निवळीसह विकला जाणारा हा माल चवीवर आणि ओळखीवर चालत आला. भोरचा खवा, तूप वा पनीर विकणाऱ्यानेही अन्नसुरक्षेची नोंदणी करावी, स्वच्छता कडक ठेवावी आणि पाकिटावर गाव, करणारा व तारीख छापावी. दुकानदाराने ते नाव झाकून आपले लावू नये; करणाऱ्याला भाव मिळाला तरच तो पुढच्या वर्षीही माल देईल.

हे दुधापुरतेच नाही. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ साली झाला व २००३ पासून अमलात आला. त्याखाली २०१४ साली कोल्हापूरच्या गुळाची नोंद झाली. विणकर, चांभार, तांबट अशा प्रत्येक कारागिराने आपल्या मालाची खरी कृती लिहून ठेवावी आणि ती मुलांना शिकवावी. कायदा नावाचे रक्षण करील; पण ती कृती जाणणारा हात आपणच तयार करायचा आहे.