रोपांना पांघरूण

नाशिकजवळच्या निफाडला पौषात कडाक्याची थंडी पडते. एखाद्या रात्री पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. पाडव्याला विकायची झेंडूची रोपे याच दिवसांत वाफ्यात असतात. रोपे करपली, तर पाडव्याचा पैसा गेला म्हणून समजा.

दिवसा जमीन तापते. रात्री आभाळ मोकळे असले, की ती ऊब वर निघून जाते. ती अडवायची.

वाफ्यावर बांबूच्या कामट्यांच्या कमानी रोवा. दिवस मावळण्याआधी त्यांवर जुने लुगडे पसरा. कापड पानांना टेकू देऊ नका. कडांवर माती ओढा. दुपारी थोडे पाणी द्या. ओली माती ऊब धरते. सकाळी ऊन आले, की कापड काढा. रोपांना उजेड हवाच.

ऊब जमिनीची, राखण आपली.