गोल सळईची पकड

बारीक गोल सळईला आडवे भोक पाडण्याचे काम पकडीवरच अवलंबून असते. व्हाइसचे सपाट जबडे सळईला केवळ दोन रेषांवर स्पर्श करतात. ड्रिलचा जोर येताच ती फिरते वा खाली सरकते. मग भोक वाकडे होते, ड्रिल मोडते आणि कारागिराच्या बोटांवरही बेतते.

यावरील उपाय सोपा आहे. एका जबड्याशी ९० अंशांची आडवी व्ही-खाच असलेला ठोकळा ठेवावा. सळई खाचेबाहेर थोडी राहिली पाहिजे. म्हणजे समोरच्या जबड्याचा दाब ठोकळ्यावर न पडता तिच्यावरच पडतो. तीन रेषांचा आधार मिळाल्याने ती स्थिर राहते. ओरखडे टाळण्यासाठी सपाट जबड्याला तांब्याचा पत्रा लावावा. दांड्याला नळी जोडून मात्र व्हाइस कधीही आवळू नये. पकड भक्कम होते ती बळाने नव्हे, योग्य आधाराने.