प्रोग्राम थांबतो तेव्हा

मुलांनो, चूक झाल्यावर संगणकाच्या प्रोग्रामने कसे थांबावे? उघडलेली फाइल बंद करावी, चूक स्पष्ट कळवावी, मग थांबावे. नुसते बंद पडणे पुरत नाही.

४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे नवे रॉकेट फ्रेंच गियानातून उडाले. दिशा सांगणाऱ्या संगणकात एका संख्येसाठी ३२,७६७ पर्यंतच जागा होती. वेगावरून आलेली संख्या त्याहून मोठी निघाली. तो संगणक बंद पडला. पण जाताजाता त्याने बिघाडाची नोंद पाठवली. मुख्य संगणकाला ती उड्डाणाचीच माहिती वाटली! रॉकेट एकदम वळले आणि सुमारे ४० सेकंदांत हवेतच फुटले.

राखीव संगणक नव्हता का? होता. त्यातही तोच प्रोग्राम होता. तो तर क्षणभर आधीच बंद पडला होता.