धंदा सुरू करण्याआधी ऐक

पोरी, घरबसल्या विक्री सुरू करायची म्हणतेस, ते चांगलंच ठरवलंस. लेकाची शाळा दुपारी सुटते, कचेरी संध्याकाळी सुटते, आणि मधल्या वेळेत त्याच्याकडे बघणारं घरात दुसरं कुणी नाही. अशा पेचात घरून चालणारा धंदा हाच खरा आधार असतो. सोलापूरच्या चादरी-टॉवेल आणि शेंगाचटणी पुण्यात नेऊन विकायचा तुझा बेतही मला पटला. मी सोलापुरात ओट्यावर बसून आयुष्यभर कापड विकलं, म्हणून हक्कानं सांगते.

पहिली गोष्ट मनाशी पक्की कर. तुझं गिऱ्हाईक मालासाठी आलं पाहिजे, तुझी कीव येऊन नाही. "एकटी आहे बिचारी, पदरात पोर आहे, घ्या हो दोन चादरी" असं तुझ्या वतीनं कुणी सोसायटीच्या ग्रुपवर लिहायला लागलं तर हात जोडून थांबव. दयेपोटी बाई एकदा घेते, आणि तीही सगळ्यात स्वस्त वस्तू बघून. दुसऱ्यांदा ती येते चादरीचा रंग गेला नाही म्हणून, टॉवेलनं पाणी नीट टिपलं म्हणून. शिवाय जिनं कीव करून घेतलं तिला पैसे मागायला तुझीच जीभ अडखळते. लिज्जत पापडाच्या बायकांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेव. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि कुणाकडून देणगी घ्यायची नाही हे सुरुवातीलाच ठरवलं. उसने घेतलेले पैसे फेडले, पण दान घेतलं नाही. या दोन्हींतला फरक तुला जितक्या लवकर अंगवळणी पडेल तितकं बरं.

आता चटणीचा हिशोब. इथंच बायका फसतात, म्हणून सावकाश सांगते. समज, किलोभर शेंगदाणे १५० रुपयांचे. तिखट ३०, लसूण २०, जिरं-मीठ १०. गॅस आणि मिक्सरचं बिल धर १५. पाव किलोची चार पाकिटं, त्यांची लेबलं मिळून २५. झाले २५०. चार पाकिटं म्हणजे एकाला साडेबासष्ट. मग तू म्हणणार, ८० ला विकते, सतरा-साडेसतरा सुटतात की! थांब. किलोभर दाणे निवडायचे, मंद आचेवर भाजायचे, सालं काढायची, कुटायचे, भरायचे, यात तुझे दोन तास गेले. किलोमागे सुटले ७० रुपये. म्हणजे तासाला ३५. लोकांकडे पोळ्या लाटायला गेलीस तरी यापेक्षा जास्त मिळतील. आपल्या हाताला शून्य किंमत धरून वस्तू स्वस्त विकायची आणि वर "माझं काय, घरातच तर असते" म्हणायचं, ही खोड सोडून दे. तुझा वेळ हासुद्धा कच्चा मालच आहे, तो भावात धरलाच पाहिजे.

वाट दोन बाजूंनी निघते. पाकीट ११० ला लाव, आणि एका वेळी पाच किलो कर. पाच किलोला दहा तास लागत नाहीत, भांडी एकदाच घासायची आणि कढई एकदाच तापवायची असते, त्यामुळे पाच-साडेपाच तासांत उरकतं. भाव ऐकून काहीजणी नाक मुरडतील, मुरडू देत. त्यांच्यासाठी ८० वर आणलास तर ज्या ११० देणार होत्या त्याही ८० च देतील.

चटणीची चव मात्र अशी हवी की भावाची गोष्ट मागं पडली पाहिजे. दाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे काढून टाक, त्यात दया-माया नको. एक कडू दाणा अख्ख्या घाण्याची चव घालवतो, आणि बुरशी आलेला दाणा पोटात जाणं आरोग्यालाही वाईट. मिक्सर सलग फिरवू नको, नाहीतर लगदा होतो. थांबत थांबत फिरव, जमलं तर शेवटचा हात खलबत्त्यात दे. दाण्याचं तेल सुटून चटणी हाताला ओलसर लागली आणि मुठीत दाबली की गोळा झाला, म्हणजे सोलापूरची चटणी झाली. गरम असताना पाकिटात भरू नको, आत वाफ धरते. आणि एकदम पंधरा दिवसांची करून ठेवू नको. दाण्याला खवटपणा यायला उशीर लागत नाही. आठवड्याच्या ऑर्डरी घ्यायच्या, शुक्रवारी करायची, शनिवारी पोचवायची.

खाण्याची वस्तू विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी हवीच. छोट्या घरगुती उद्योगासाठी ती ऑनलाइन होते. चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा. सोबत घटक पदार्थ, वजन, केल्याची तारीख, किती दिवसांत संपवायची, तुझा पत्ता आणि किंमत. "यात शेंगदाणे आहेत" हे ठळक लिही. काही मुलांना दाण्याची ॲलर्जी असते. उद्यम नोंदणीही करून टाक, ती फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नको. जीएसटीची काळजी आत्ताच नको. राज्यातल्या राज्यात मालविक्री वर्षाला ४० लाखांच्या आत असेपर्यंत ती नोंदणी सक्तीची नाही.

उधारीबद्दल मी कडकच बोलणार. घरगुती धंदे माल खपत नाही म्हणून बुडतात त्याहून जास्त उधारीनं बुडतात. चादर घेऊन "राहू दे गं, पगार झाला की देते" म्हणणारी बाई वाईट नसते, तिला खरंच द्यायचे असतात. पण तुझा व्यापारी शनिवारी पैसे मागतो आणि तिचा पगार सात तारखेला होतो. म्हणून चार रकान्यांची वही घाल: नाव, वस्तू, रक्कम, द्यायची तारीख. तारीख तिच्याच तोंडून वदवून घे आणि तिच्यासमोर लिही. तारखेच्या आदल्या दिवशी साधा निरोप पाठव: "ताई, उद्या चादरीचे ६५० द्यायचेत ना, क्यूआर पाठवते." त्यात लाजण्यासारखं काही नाही. जुनी बाकी असताना नवीन माल द्यायचा नाही, मग ती सख्खी नणंद असली तरी. नातेवाइकांना द्यायचं असेल तर सरळ भेट दे आणि तो खर्च वहीत "भेट" म्हणून लिही. अर्ध्या किमतीत देऊन नंतर मनात कुढू नको. आणि "दोन दिवस ठेवून बघते" म्हणून घेतलेली चादर तिसऱ्या दिवशी परत मागायची. घडी मोडलेली, अत्तराचा वास लागलेली चादर दुसरी कुणी घेत नाही.

घरखर्चाचं खातं आणि धंद्याचं खातं वेगळं. लेकाची फी भरायची असेल तर धंद्यातून स्वतःला ठरलेली रक्कम काढून घे, मग त्यातून भर. गल्ल्यातून परस्पर उचललेले शंभर-दोनशे कुठे गेले ते महिनाअखेरीस कुणालाच सांगता येत नाही. खातं वेगळं असलं की पुढे बँकेतही उपयोग होतो. मुद्रा योजनेत शिशु गटाचं कर्ज ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, आणि तेव्हा मॅनेजर आधी खात्यातली उलाढाल बघतो. पण पहिल्या दिवाळीआधी कर्ज काढू नको आणि अंगावरचं सोनं तर मुळीच मोडू नको. तुमच्या इमारतीत भिशी असेल तर तिच्यात शिर, नंबर मात्र दिवाळीआधीचा माग, म्हणजे खरेदीच्या वेळी रोख हातात राहील.

आता सांगते ते नीट ऐक, कारण एकट्या आईला हेरून गाठणारे लोक पुष्कळ आहेत. गोड बोलणारी एखादी बाई येईल, हॉटेलातल्या मीटिंगला नेईल. "पंधरा हजार भर, किट घे, खाली दहा जणी जोड, मग घरबसल्या लाखो" म्हणेल. तिला एवढंच विचार: माझ्या खाली कुणी जोडलंच नाही, मी फक्त माल विकला, तर मला महिन्याला किती सुटतील? उत्तर गोलगोल आलं तर चहा पाजून वाटेला लाव. थेट विक्रीचे केंद्र सरकारचे नियम डिसेंबर २०२१ पासून लागू आहेत. त्यांत माणसं भरती करून कमिशन खाणाऱ्या साखळीला मनाई आहे. सामील व्हायची फी कंपनीला घेता येत नाही, तुझ्या खपापेक्षा जास्त माल तुझ्या गळ्यात मारता येत नाही, करार लेखी हवा, आणि ठरावीक मुदतीत माघार घेऊन मालाचे पैसे परत मागता येतात. खरी चांगली कंपनी असेल तर हे सगळं ती स्वतःच सांगते. माझं मत विचारशील तर आपल्या भावजयीला, मैत्रिणीला, लेकाच्या वर्गातल्या आयांना "खाली जोडणं" हा धंदा नव्हेच. त्यांचे पैसे बुडतात आणि तू माणसं गमावतेस. तुझ्या अडीअडचणीला मध्यरात्री दार उघडणार त्या याच बायका.

दुसऱ्याच्या कंपनीसाठी विकण्याची गोष्ट निघाली की मला ब्राउनी वाइज आठवते. अमेरिकेतली घटस्फोटित बाई, एका मुलाची आई. घरात बायकांना जमवून टपरवेअरचे डबे विकायची पद्धत तिनं अशी चालवली की कंपनीनं १९५१ मध्ये तिच्या हाती सगळी विक्री सोपवली आणि दुकानांत डबे ठेवणंच बंद केलं. १९५४ मध्ये 'बिझनेस वीक' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेली ती पहिली बाई. आणि १९५८ मध्ये मालकानं तिला काढून टाकलं. कंपनीचा एकही शेअर तिच्या नावावर नव्हता. म्हणून म्हणते, गिऱ्हाइकांची यादी तुझ्या वहीत, फोन नंबर तुझ्या नावावरचा, अन्नसुरक्षेची नोंदणी तुझ्या नावावर, लेबलवरचं नावही तुझंच. भाऊ म्हणेल, "माझ्या नावावर करू, तुला कशाला त्रास?" भाऊ चांगला आहे, तरी नाही म्हण.

लेकाचा वेळ आधी ठरव आणि उरलेल्यात धंदा बसव. पोचवण्याचा दिवस एकच, शनिवार संध्याकाळ. रोज कुणाची एक चादर, कुणाचं एक पाकीट घेऊन धावलीस तर पेट्रोल आणि तू दोन्ही संपाल. त्याच्या अभ्यासाच्या वेळेत फोन दुसऱ्या खोलीत. धंद्याला वेगळं सिमकार्ड घे. रात्री नऊनंतर "कोणते रंग आहेत?" विचारणाऱ्याला उत्तर सकाळी. अनोळखी पुरुषाची ऑर्डर असेल तर सोसायटीच्या गेटवर वॉचमनसमोर दे, घरी बोलावू नको. लेकाला पोचवायला पाठवू नको. लेबल चिकटवायला बसला आपणहून तर बसू दे. त्याला ताप आला की शनिवारची फेरी कोण मारणार, हे आजच एका शेजारणीशी बोलून ठेव, आणि तिला त्याचे पैसे दे. आणखी एक, सरकारची बालसंगोपन योजना एकल पालकांच्या मुलांसाठीही आहे. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे चौकशी कर. तो लेकाचा हक्क आहे, त्यात कमीपणा मानू नको.

फोटो टाकताना दिवसाच्या उजेडात काढ, खिडकीजवळ, चादर अर्धी उलगडून. उलटी बाजूही दाखव, जाणती बाई वीण तिथेच बघते. किंमत फोटोखालीच लिही. "किमतीसाठी पर्सनलवर या" म्हटलं की निम्म्या बायका तिथूनच मागे फिरतात.

खपाचं वर्षही समजून घे. पितृपंधरवड्यात नवं कापड फारसं कुणी घेत नाही, तेव्हा माल भरून ठेवू नको. चटणी मात्र तेव्हाही चालते. जूनमध्ये सगळ्यांचे पैसे वह्या-दप्तरांत जातात. दिवाळीला चादरी, लग्नसराईत आहेराचे टॉवेल. आणि सगळ्यात मोठी संधी संक्रांत ते रथसप्तमी. हळदीकुंकवाचं वाण एकेक बाई एकसारखं पंचवीस-पन्नास नग घेते. छोटे नॅपकिन त्यासाठी अगदी बेताच्या किमतीत बसतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नमुना फिरव, निम्मे पैसे आगाऊ घे, मगच माल उचल.

पहिल्या खरेदीला इकडेच ये. हुतात्मा एक्सप्रेसनं रात्री उतर, सकाळी आपण पूर्व भागात जाऊ. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तरी सोलापुरी म्हणून बाहेरचा माल सर्रास खपवला जातो, म्हणून कारखानदाराकडून पक्क्या बिलावरच घेऊ. पहिल्या खेपेला डझनभर चादरी, त्यांतल्या आठ गडद रंगाच्या. पांढरट रंग पुण्याच्या बायका हातात घेतात आणि परत ठेवतात. दोन डझन टॉवेल. एक चादर जादा घे, ती घरी तीनदा धुऊन बघ, रंग टिकला तरच बाकीच्या विकायला काढ. येताना रिकामी मोठी पिशवी आण आणि लेकाला दोन दिवस माझ्याकडे ठेवायच्या तयारीनं ये.