नोटीस काढायच्या आधी

काल फोनवर तू फारच तापली होतीस, म्हणून मी गप्प बसले. तुझ्या उपकेंद्रातली मदतनीस हिपॅटायटिस बीची लस घेत नाही आणि तू तिला नोटीस काढणार. काढ बाई, पण आधी जरा ऐक.

नोव्हेंबर 2021 आठवतो? तू तेव्हा शिकत होतीस. राज्यात 74 टक्के लोकांनी कोरोनाची लस घेतलेली, आपल्या जिल्ह्यात जेमतेम 55. जिल्हाधिकारी सुनील चव्हाणांनी आदेश काढला: एक तरी डोस नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही, वेरूळची लेणीसुद्धा बघायची नाहीत. मग काय, ज्यांच्या दारी आम्ही चार-चार खेटे घातले होते, ते श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला यावेत तसे आले. पण टोचणारे हात तेवढेच होते गं. कुपी उघडली की चार तासांत दहा जण हवेत, नाहीतर उरलेले डोस वाया. शेतातली माणसं दिवेलागणीला यायची, त्यांना परत कसं पाठवणार?

त्याच धावपळीत आमच्यातलीच एकजण लस घेईना. पगार थांबेल, असा वरून निरोप आला. ती भांडली नाही. रजेवर गेली ती गेलीच. तिच्या दोन गावांच्या गरोदर बाया माझ्या वहीत आल्या. पुढे कळलं, दोनदा दिवस जाऊन राहिलं नव्हतं, तिसऱ्यांदा जपत होती. कुणी विचारलंच नव्हतं तिला. मीही नाही.

इंग्लंडात त्याच महिन्याच्या 11 तारखेपासून म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये लस नसेल तर काम बंद झालं. आधीच माणसांची चणचण, त्यात आणखी गेली. 15 मार्च 2022 ला नियम मागे घेतला. 1 एप्रिलपासून दवाखान्यांत येणार होता, तो तर आलाच नाही. आपल्याकडेही 2 मे 2022 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, लस कुणाला बळजबरीने देता येणार नाही.

लस नकोच, असं मी म्हणत नाहीये हं. सुयांचा डबा उचलणारीला ती हवीच. पण उद्या तिला चहाला बसव, दार लोटून घे आणि नुसतं विचार, कशाची भीती वाटते. ती तयार होईपर्यंत डबा तू उचल.

आणि हो, तुझा स्वतःचा सहा महिन्यांनंतरचा तिसरा डोस झाला का? मागे विचारलं तेव्हा तू विषय बदलला होतास.