घटस्फोटाचे कागद हातात पडले तर : कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्यांसाठी

बे एरियात बरीच वर्षे संसार केलेल्या आम्हा काही मराठी कुटुंबांनी हे टिपण मिळून तयार केले आहे. भाड्याचे घर, गाडीचा परवाना, मुलांची शाळा याबद्दल नव्या मंडळींना सगळेच सांगतात. संसार मोडायला आला आणि दोघांचे कशावरच एकमत होईना, तर काय करायचे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. आम्ही वकील नाही. पण नात्यात, शेजारात हे जवळून पाहिले आहे, म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगतो : घरच्यांची मध्यस्थी खुशाल चालू ठेवा, पण कोर्टाची मुदत तिच्यासाठी थांबत नाही.

कागद आल्या दिवसापासून मुदत मोजा

कॅलिफोर्नियात १९७० पासून घटस्फोटासाठी कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. ‘आमचे पटत नाही’ एवढे पुरते. त्यामुळे ‘मी सहीच करणार नाही’ म्हणून घटस्फोट अडत नाही. वाद होतो तो मुलांच्या ताब्यावरून, पोटगीवरून आणि मालमत्तेवरून.

दोघांपैकी एकजण राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेला असला की अर्ज करता येतो. कागद बजावले गेल्यापासून उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. उत्तराचा फॉर्म एफएल-१२०. तो वेळेत दाखल झाला नाही, तर समोरचा ‘डिफॉल्ट’ मागू शकतो, म्हणजे तुमचे म्हणणे न ऐकताच निकाल. आमच्या ओळखीतल्या एका घरी कागद आले तेव्हा पुण्याहून सासऱ्यांचा फोन आला, “दिवाळीला आम्ही येतोच आहोत, समोरासमोर बसून बोलू.” पाकीट देवघराखालच्या खणात गेले. दिवाळीच्या आतच मुदत संपली आणि डिफॉल्ट उठवण्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळा खर्च करावा लागला.

समन्सचे, म्हणजे एफएल-११० चे, मागचे पानही वाचा. मुलांना राज्याबाहेर नेणे, त्यांचा नवा पासपोर्ट काढणे, मालमत्ता विकणे, विम्यातून जोडीदाराचे नाव काढणे, या सगळ्याला तिथे मनाई आहे. लेखी संमती किंवा कोर्टाचा आदेश हवा. अर्ज करणाऱ्यावर ती अर्ज दाखल होताच लागू होते, दुसऱ्यावर कागद मिळताच. रागाच्या भरात मुलांना घेऊन मुंबईचे विमान पकडू नका.

घटस्फोट कागद बजावल्यापासून सहा महिन्यांच्या आत पक्का होत नाही. वादाचा खटला त्याहून बराच लांबतो.

वकील निवडताना

दोघांत मिळून एक वकील नको. वकील कौटुंबिक कायद्याचाच हवा. स्टेट बारने प्रमाणित केलेले ‘सर्टिफाइड फॅमिली लॉ स्पेशालिस्ट’ असतात. परवाना चालू आहे का, शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे स्टेट बारच्या संकेतस्थळावर दिसते. दोघातिघांना भेटा आणि विचारा : या काउंटीच्या कोर्टात नेहमी उभे राहता का? केस स्वतः चालवणार की सहकाऱ्याकडे देणार? तासाचा दर काय, ईमेल आणि फोनचे बिल कसे लावता? भारतातली मालमत्ता असलेली प्रकरणे हाताळली आहेत का?

रिटेनर ही आगाऊ रक्कम असते. करार लेखी घ्या. काम न होता उरलेले पैसे परत मिळतात. हमखास जिंकून देतो म्हणणाऱ्याकडून उठून या.

वकिलाशी बोलणे कायद्याने गोपनीय असते, पण मामा-काका शेजारी बसले तर ती गोपनीयता धोक्यात येऊ शकते. त्यांना बाहेर बसायला सांगा.

पहिल्या भेटीची फाइल

विवाहाचा दाखला, गेल्या तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न, पे स्टब, बँक आणि क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट, ४०१(के) आणि कंपनीच्या शेअर्सचे कागद, घराच्या कर्जाचे कागद, दोघांचे व्हिसा आणि पासपोर्टच्या प्रती. भारतातले फ्लॅट, एनआरई-एनआरओ खाती, पीपीएफ आणि दागिन्यांची फोटोंसह यादीही ठेवा.

इथल्या कायद्याने लग्नापासून वेगळे होईपर्यंत इथे राहून कमावलेले दोघांचे, निम्मे-निम्मे. त्या पगारातून घेतलेला पुण्याचा फ्लॅटही हिशेबात येतो. वारसाने किंवा भेट म्हणून एकट्याला मिळालेले त्याचे राहते. दोघांनीही आपापला अर्ज किंवा उत्तर दाखल केल्यापासून ६० दिवसांत मालमत्ता, कर्ज आणि उत्पन्न उघड करायचे असते. पैसे आईच्या खात्यात वळवून दडवू नका. २००१ च्या एका गाजलेल्या निकालात लॉटरीचे बक्षीस नवऱ्यापासून दडवणाऱ्या बायकोला ते सगळेच गमवावे लागले.

जोडीदाराचे ईमेल उघडू नका. खासगी बोलणे दुसऱ्याच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणे इथे गुन्हा ठरू शकतो. आधी वकिलाला विचारा.

हातात पैसे नसतील तर

नोकरी नाही, खाते नवऱ्याच्या नावावर, म्हणून वकील मिळणार नाही असे समजू नका. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने दुसऱ्याच्या वकिलाची फी भरावी, असा आदेश कोर्ट देऊ शकते. तो लवकर मागा. अर्जाची आणि उत्तराची फी प्रत्येकी ४३५ ते ४५० डॉलर आहे. उत्पन्न कमी असेल तर ती माफ होते. प्रत्येक काउंटीच्या कोर्टात सेल्फ-हेल्प सेंटर असते. तिथे फॉर्म भरायला मोफत मदत मिळते, मात्र ते तुमची बाजू मांडत नाहीत. पूर्ण केसऐवजी एका सुनावणीपुरता वकील करण्याचीही सोय आहे. इंग्रजी बोलताना अडखळायला होत असेल तर कोर्टाकडे मराठी दुभाषा आधीच मागा. तो मोफत असतो.

मुले

ताब्यावरून वाद असेल तर सुनावणीआधी कोर्टाच्या मध्यस्थाकडे जावेच लागते. बऱ्याच काउंट्यांत हा मध्यस्थ न्यायाधीशांना शिफारसही करतो. म्हणून तयारीने जा : शाळा, डॉक्टर, आजारपण, रोजचे वेळापत्रक. जोडीदाराची उणीदुणी काढू नका. मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही. त्यामुळे मुलांच्या भारतप्रवासाच्या अटी कोर्टाच्या आदेशातच लिहून घ्या.

व्हिसा आणि भारतातली बाजू

एच-४ वर असलेल्यांचा दर्जा घटस्फोट अंतिम झाला की संपतो, अर्ज दाखल झाल्याने नाही. मधला काळ हातचा घालवू नका. इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठा. दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड असेल आणि लग्न खरे होते हे दाखवता आले, तर घटस्फोटानंतर एकट्यालाही अटी काढून घेण्याचा अर्ज करता येतो.

इथला निकाल भारतात आपोआप चालेलच असे नाही. १९९१ च्या नरसिंह राव खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशी घटस्फोट केव्हा मानायचा याच्या अटी घातल्या. हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर, दुसऱ्या पक्षाने भाग न घेता झालेला निकाल तिथे अडू शकतो. मालमत्ता किंवा पुनर्विवाह भारतात असेल तर तिथल्या वकिलाचा सल्ला आधीच घ्या.

मारहाण किंवा धाक असेल तर

तातडीच्या धोक्यात ९११. नॅशनल डोमेस्टिक व्हायोलन्स हॉटलाइन चोवीस तास चालते : १-८००-७९९-७२३३. बे एरियात १९९१ पासून ‘मैत्री’ ही संस्था दक्षिण आशियाई कुटुंबांसाठी काम करते. संरक्षण आदेशाच्या अर्जाला फी लागत नाही. पासपोर्ट आणि कागदांच्या प्रती विश्वासातल्या घरी ठेवा. सहन करत राहा असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका.

आणि आपण बाकीच्यांनी

कोण चूक, कोण बरोबर याचा निवाडा मंडळाच्या कार्यक्रमात नको. सुनावणीच्या दिवशी मुलांना शाळेतून आणणे, कोर्टात सोबत जाणे, आठवडाभर डबा देणे, ही खरी मदत. कागद आले असतील तर आज ज्या कोणाशी मोकळेपणाने बोलता येईल, त्याला फोन करा आणि याच आठवड्यात वकिलाची पहिली भेट ठरवा.