डिफरन्शियल लॉक सुटत नसेल तर



साडेचार-पाच फुटी सरीत उसाची बांधणी करणारे १५ ते २५ एच.पी.चे छोटे ट्रॅक्टर आता इस्लामपूर भागात सगळीकडे दिसतात. आडसालीच्या बांधणीत रान पुरते वाफशावर नसले की ड्रायव्हरचा पाय डिफरन्शियल लॉकवर जातो. चाक निघते, पण लॉक मात्र सुटत नाही. मग सरीच्या शेवटी स्टेअरिंग वळवले तरी ट्रॅक्टर सरळ बांधावर नाहीतर पाटात जातो. तिथे विहीर असली तर काय होईल, ते सांगायला नको.

वळताना बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी. ही मोकळीक डिफरन्शियल देतो. एक चाक चिखलात गरगरू लागले की लॉक दोन्ही चाके एकत्र बांधतो. बहुतेक ट्रॅक्टरांत पेडलवरून पाय काढला की स्प्रिंगने लॉक सुटतो. पण दोन चाकांवर कमी-जास्त ताण असेल तर आतले दात एकमेकांत आवळून बसतात आणि स्प्रिंगला ते ओढवत नाहीत. ट्रॉलीची पिन ताणात असताना निघत नाही, ट्रॅक्टर वीतभर मागे घेतला की हाताने निघते. इथेही तसेच आहे. म्हणून लॉक सुटला नाही की लगेच काही मोडले, असे समजू नये.

आधी ताण काढावा. अवजार उचलावे, पुढची चाके सरळ करावीत, सर्वांत हलका गिअर टाकून भुसभुशीत जागेत चार-सहा फूट पुढे, तेवढेच मागे जावे. मध्ये क्लच दाबून स्टेअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवावे. पुष्कळदा ‘टक्’ असा आवाज होऊन पेडल वर येते.

नाही आले तर इंजिन बंद करून खाली वाकून बघावे. पेडलखाली चिखल आणि पाचट घट्ट बसलेले असते, खीळ गंजलेली असते, स्प्रिंग निसटलेली किंवा खोडक्याला लागून दांडी वाकलेली असते. धुवावे, डिझेल सोडून खीळ मोकळी करावी, मग ग्रीस द्यावे. हातोडा मारू नये. बाहेरची दांडी वाकते आणि आतला लॉक आहे तिथेच राहतो.

पेडल वर आले तरी ट्रॅक्टर वळत नसेल, तर दोष आत आहे की ब्रेक धरतोय, ते पाहावे. सपाट जागेत, इंजिन बंद ठेवून, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. मागची दोन्ही चाके उचलून खाली भक्कम ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकवर विसंबू नये. हँडब्रेक सोडावा, गिअर न्यूट्रल करावा आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे त्याच दिशेला बरोबर फिरले तर गिअर टाकून पुन्हा पाहावे. आता दोन्ही हलेनात, तर लॉक आत अडकला आहे. गिअरमध्ये दुसरे चाक उलट फिरले तर लॉक सुटलेला आहे. एकच चाक न्यूट्रलमध्येही जड जात असेल तर ब्रेक तपासावा.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात जे ट्रॅक्टर पाण्यात उभे होते, त्यांच्या मालकांनी मागच्या पेटीतील ऑईल अवश्य पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी आहे. त्याने लॉकचा शाफ्ट गंजतो आणि फोर्क सरकत नाही. ऑईल बदलावे, आणि काढलेल्या ऑईलात लोखंडाचा चुरा दिसला तर पेटी उघडल्याशिवाय इलाज नाही. वॉरंटी चालू असेल तर पेटी गावात उघडू नये.

लॉक अडकलेला ट्रॅक्टर पेठ-सांगली रस्त्यावर चालवत किंवा ओढत नेऊ नये. डांबरावर चाक घसरत नाही, त्यामुळे प्रत्येक वळणाचा ताण एक्सल आणि क्राऊनवर येतो. छोटा ट्रॅक्टर आहे, ट्रॉलीत चढवून मिस्त्रीकडे न्यावा. पेडल वर येते की नाही आणि चाके कशी फिरली, हे त्याला आधीच सांगावे, म्हणजे तो उगाच सगळी पेटी खोलायला बसणार नाही.